जन्मनोंदीतल्या ‘आठवड्यां’वर किती विसंबावं?

प्रश्न: जन्मनोंदणीच्या आकड्यांवरून दिवस भरण्याआधी होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण काढायचं आहे. नोंदीत गर्भकाळाचे आठवडे आणि बाळाचं वजन, दोन्ही आहे. हे आकडे धरून चालावं का?

उत्तर: वजन काट्यावर मोजलेलं असतं, आठवडे मात्र हिशेबाने काढलेले असतात. हा हिशेब कशावरून केला, हे आधी शोधा. शेवटच्या पाळीच्या तारखेवरून केला असेल, तर चूक दोन्ही बाजूंनी होते. स्त्रीबीज उशिरा बाहेर पडून गर्भ उशिरा राहिला तर दिवस जास्त धरले जातात आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ पूर्ण दिवसांचं ठरतं. गर्भ राहिल्यावर थोडा रक्तस्राव झाला आणि तीच पाळी समजली गेली, तर उलट होतं. शिवाय तारीख नीट आठवत नसली की ‘महिन्याची 15 तारीख’ सांगितली जाते.

पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून काढलेलं वय 5 ते 7 दिवसांच्या फरकाने बरोबर येतं. 28 आठवड्यांनंतरच्या सोनोग्राफीत हाच फरक 3 ते 4 आठवड्यांपर्यंत जातो आणि वाढ खुंटलेलं बाळ वयानेच लहान समजलं जातं. म्हणून ‘सोनोग्राफीवरून’ एवढाच शेरा पुरत नाही, ती कितव्या आठवड्यात केली हेही हवं.

पद्धतीने किती फरक पडतो? अमेरिकेत 2013 च्या जन्मांचं मुदतपूर्व प्रमाण पाळीच्या तारखेवरून 11.39 टक्के आणि डॉक्टरांच्या अंदाजावरून 9.62 टक्के आलं. बाळं तीच होती. तिथल्या राष्ट्रीय आकडेवारीत 2014 पासून दुसरी पद्धत मुख्य झाली. पद्धत बदललेल्या वर्षाच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एका रेषेत जोडले, तर प्रत्यक्षात न झालेली सुधारणा दिसते.

आता तपासणी. 28 ते 31 आठवड्यांच्या नोंदी वेगळ्या काढा आणि त्यांच्या वजनांचा आलेख काढा. एक उंचवटा दीड किलोच्या आसपास यायला हवा. सव्वातीन किलोजवळ दुसरा दिसला, तर ती पूर्ण दिवसांची बाळं आहेत, त्यांची तारीख चुकली आहे. या गटात चूक फार महाग पडते. हजार जन्मांत इतक्या लवकरची बाळं दहाच्या घरात असतात. पूर्ण दिवसांच्या नऊशेंपैकी पाचांचे आठवडे चुकून इथे पडले, तर दहाची पंधरा होतात.

मग 36 आणि 37 आठवड्यांचा सांधा बघा. व्याख्या पूर्ण झालेल्या आठवड्यांची आहे: 259 दिवसांपेक्षा, म्हणजे पूर्ण 37 आठवड्यांपेक्षा कमी ते मुदतपूर्व. 36 आठवडे 6 दिवस हे 36 च लिहायचे असतात, पण लिहिणारा सर्रास 37 करून टाकतो. 40 वर प्रमाणाबाहेर ढीग दिसला, तर तो रकाना अंदाजाने भरला गेलाय.

रिकामे रकानेही मोजा. गरोदरपणात तपासणीच न झालेल्या स्त्रियांच्या नोंदी बहुधा रिकाम्या राहतात आणि मुदतपूर्व बाळंतपणाचा धोका त्यांनाच जास्त असतो. अशा नोंदी गाळल्या की प्रमाण खोटं खाली येतं.

प्रश्न: त्यापेक्षा 2,500 ग्रॅमच्या आतलं वजन हीच खूण धरली तर?

उत्तर: नको. पूर्ण दिवसांची पण पोटात नीट न वाढलेली बाळं त्यात येतात आणि 35-36 आठवड्यांची चांगल्या वजनाची बाळं सुटतात. आठवड्यांच्या नोंदीतली चूक पकडायला मात्र वजन नक्की वापरा.