शूटर गेमसाठी पीएस५ घ्यावा की पीसी?

आधी गेम ठरवा, मग मशीन. तुम्ही नुसतं 'शूटर' म्हटलंय, पण काउंटर-स्ट्राइक २ खेळायचा असेल तर प्रश्नच मिटला. तो पीएस५ (प्लेस्टेशन ५) सारख्या कन्सोलवर नाहीच. व्हॅलोरंट २०२४ पासून पीएस५ आणि एक्सबॉक्सवर आलाय खरा, पण तिथले खेळाडू आणि पीसीवाले एकाच मॅचमध्ये येत नाहीत. म्हणजे तुमची गँग पीसीवर असेल, तर कन्सोल घेऊन तुम्ही एकटेच पडाल.

कॉल ऑफ ड्यूटी मालिकेतल्या वॉरझोनचं गणित वेगळं. तिथे सगळे एकत्र खेळतात, आणि कंट्रोलरला एम असिस्ट मिळतो: शत्रू निशाण्याजवळ आला की स्टिकचा वेग आपोआप मंदावतो, निशाणा थोडा चिकटतो. जवळच्या मारामारीत माउसवाले यावरून कायम बोंबलत असतात! लांबचा नेम किंवा गर्रकन मागे वळणं मात्र माउसवर कितीतरी सोपं.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला कन्सोल स्वस्त पडतो. पण ऑनलाइन खेळायला पीएस प्लस, म्हणजे प्लेस्टेशनचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व लागतं. वॉरझोनसारख्या फुकट गेम्सना नाही. पीसीचे भाव ग्राफिक्स कार्डावर ठरतात, आणि वर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर हवाच. साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर महागडं कार्ड लावणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

मी असतो तर पीसी घेतला असता. कॉलेजचं कामही त्यावरच उरकतं. सोफ्यावर लोळून खेळायचं असेल तर बिनधास्त पीएस५ घ्या.