आडवाटेच्या किनाऱ्याला विमान परवडते कसे?

प्रश्न : माझा भाचा नॉर्वेमध्ये नोकरीला आहे. तेथे किनाऱ्यावरील दोन-अडीच हजार वस्तीच्या गावांनाही नियमित विमान येते, असे तो सांगतो. कंपनीला हे परवडते कसे? पावसाळ्यात करूळ घाटात दरड कोसळली की आमचा तळकोकणाशी संबंध तुटतो. मग कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून सिंधुदुर्गातील चिपीला छोटे विमान का सुरू होऊ नये?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नुसत्या तिकिटांच्या पैशांवर ते परवडतच नाही. आपला भाचा ज्या विमानांविषयी सांगतो, ती बहुधा १९३४ मध्ये स्थापन झालेल्या विडेरो या कंपनीची असावीत. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, रस्ता मध्येच संपून फेरीबोट धरावी लागते, असा तो किनारा आहे. तेथे १९६८ पासून सरकारने जेमतेम ८०० मीटर लांबीच्या धावपट्ट्या बांधल्या आणि त्यांवर उतरू शकणारी, आधी १९ आणि पुढे ३९ आसनांची विमाने कंपनीने आणली. तोट्याच्या मार्गांसाठी सरकार निविदा काढते. रोज किती फेऱ्या, किती आसने आणि जास्तीत जास्त किती भाडे हे आधीच ठरलेले असते, आणि या अटी पाळून सर्वांत कमी भरपाई मागणाऱ्या कंपनीला तो मार्ग काही वर्षांसाठी मिळतो. मुदत संपली की पुन्हा निविदा निघते, त्यामुळे कंपनी बदलली तरी सेवा सहसा थांबत नाही. मोठ्या रुग्णालयात तपासणीला निघालेले रुग्ण हे या विमानांचे नेहमीचे प्रवासी असल्याने, तेथे या खर्चाकडे आपण एसटीच्या तोट्यातल्या मुक्कामी गाडीकडे पाहतो तसेच पाहिले जाते.

लहान शहरे विमानाने जोडण्यासाठीच्या आपल्या ‘उडान’ योजनेतही तूट भरून दिली जाते आणि काही आसनांच्या भाड्यावर मर्यादा असते; परंतु ही मदत साधारणपणे तीनच वर्षांची असल्यामुळे ती संपताच, किंवा त्याआधीच, अनेक मार्ग बंद पडले. योजनेतील खरी उणीव मला हीच वाटते.

आता चिपीविषयी. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या त्या विमानतळाची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे, म्हणजे जागेची अडचण नाही. मात्र कोल्हापूरपासून त्याचे हवाई अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच भरते. विमानतळावर आधी पोहोचणे, तपासणी, उतरल्यावर पुन्हा कुडाळ-मालवणपर्यंतची गाडी हे सारे जमेस धरले, तर फोंडा किंवा आंबोली घाटाने जाणारा माणूस फारसा मागे राहणार नाही. शिवाय ज्या आठवड्यात दरड कोसळते, त्याच आठवड्यात ढग खाली उतरून विमानही रद्द होण्याची शक्यता अधिक, हे पावसाळ्यात उजळाईवाडीला ताटकळलेल्या प्रवाशांना वेगळे सांगायला नको. अशा सेवेवर पहिला हक्क लक्षद्वीपसारख्या, रस्ताच नसलेल्या बेटांचा आहे; अगत्तीच्या सुमारे १,२०० मीटरच्या धावपट्टीवर कोचीहून छोटी विमाने उतरतात, ती त्यासाठीच. कोल्हापूरकरांनी मागणी करायचीच असेल, तर ती करूळ घाटातील दरडी रोखण्याच्या पक्क्या कामांची करावी.