फार्मसी महाविद्यालयांमधली इम्प्लिमेंटेशन सायन्सची मंडळी एकत्र कशी आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही फार्मसी महाविद्यालयात शिकवता, इम्प्लिमेंटेशन सायन्समध्ये रस आहे, पण विभागात या विषयावर बोलायला धड दोन माणसं नाहीत. वेगवेगळ्या महाविद्यालयांत विखुरलेल्या अशा लोकांचा गट बांधायचा तर सुरुवात कुठून करावी, तो टिकावा कसा आणि वाचायला काय घ्यावं?

मी फार्मसी प्रॅक्टिस शिकवते आणि अशा गटांमध्ये बराच काळ वावरले आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. विषयात रस असलेली माणसं शोधू नका, ज्यांचं काम अडलंय अशी माणसं शोधा. रस असलेली मंडळी पहिल्या बैठकीला हमखास येतात. कुणीतरी एखाद्या फ्रेमवर्कवर, म्हणजे विचाराच्या तयार चौकटीवर, छान सादरीकरण करतं, पुढच्या वेळी दुसऱ्या फ्रेमवर्कवर, आणि त्यानंतर उपस्थिती निम्म्यावर येते. नव्याचे नऊ दिवस. याउलट ज्या शिक्षिकेने रक्तदाबाच्या रुग्णांसाठी समुपदेशन सेवा उभी केली, अभ्यासात ती चालली आणि निधी संपताच बंद पडली, तिला परत यायला कारण असतं. तिला उत्तर हवंय.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. एखादा उपचार किंवा सेवा उपयोगी आहे हे सिद्ध झाल्यावरही ती रोजच्या कामात का उतरत नाही आणि उतरवायची कशी, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे इम्प्लिमेंटेशन सायन्स. त्याच नावाचं नियतकालिक २००६ मध्ये सुरू झालं आणि विखुरलेल्या लोकांना एक पत्ता मिळाला. विद्यार्थ्यांना समजावताना मी जेफ्री करन यांनी २०२० मध्ये मांडलेली सोपी पद्धत वापरते. सेवेला नुसतं ‘ती गोष्ट’ म्हणायचं. ती गोष्ट चालते का, हा परिणामकारकतेचा अभ्यास. लोकांना आणि संस्थांना ती गोष्ट करायला मदत कशी करायची, हा अंमलबजावणीचा अभ्यास. आणि त्यांनी ती किती केली, किती नीट केली, हे त्याचं मोजमाप. पहिल्या बैठकीला एवढं पुरे. बाकीची परिभाषा गरज पडेल तेव्हा येते.

फार्मसीला या क्षेत्राची गरज का, तर आपण पहिल्याच, म्हणजे ‘ती गोष्ट चालते का’ या प्रश्नावर अडकलो आहोत. हेपलर आणि स्ट्रँड यांनी १९९० मध्ये ‘फार्मास्युटिकल केअर’ची मांडणी केली: फार्मासिस्टची जबाबदारी औषध हातात देऊन संपत नाही, त्या औषधाने रुग्णाचं काय झालं इथपर्यंत ती जाते. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅशव्हिल शहराने मधुमेह असलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी फार्मासिस्टच्या भेटींचा उपक्रम सुरू केला, त्याचे चांगले निष्कर्ष छापून आले. नंतर रक्तदाब, मधुमेह, औषधं नियमित घेणं अशा विषयांवर कितीतरी चाचण्या झाल्या. तरीही नवा प्रबंध आला की शीर्षक तेच असतं, फार्मासिस्टच्या हस्तक्षेपाचा अमुकवर परिणाम.

प्रबंधांचा दुसरा साचा अडथळ्यांच्या सर्वेक्षणाचा. वेळ नाही, मोबदला नाही, बोलायला स्वतंत्र जागा नाही, डॉक्टरांचं सहकार्य नाही. ही यादी कुठल्याही देशात, कुठल्याही सेवेसाठी थोड्याफार फरकाने तीच निघते. माझं थोडं कडवट मत असं की गटाने सुरुवातीलाच एक नियम करावा. अडथळे शोधायचे असतील तर प्रत्येक मुख्य अडथळ्यासमोर आपण नेमकं काय करून पाहणार, हे आराखड्यात असलंच पाहिजे. नसेल तर तो आराखडा चर्चेला घ्यायचा नाही. लोक आधी नाराज होतात. पण बैठकीचा दर्जा बदलतो.

आता पहिला फोन कुणाला करायचा? माझ्या मते तुमच्या महाविद्यालयातल्या प्रशिक्षण समन्वयकाला, म्हणजे विद्यार्थ्यांना रुग्णालयात आणि औषध दुकानात प्रत्यक्ष कामासाठी कोण कुठे जाणार हे ठरवणाऱ्या व्यक्तीला. आरोग्य संशोधनातली बरीच मंडळी संशोधनासाठी जागा मिळवण्यात वर्ष घालवतात. फार्मसी महाविद्यालयांकडे अशा जागांचं जाळं आयतं असतं आणि ते दरवर्षी वापरात असतं. कुठल्या दुकानाचा मालक नव्या गोष्टी करून पाहतो, कुठल्या रुग्णालयात फार्मासिस्टला वॉर्डात मान आहे, कुठली सेवा फक्त पाटीवर आहे, हे सगळं त्या समन्वयकाला तोंडपाठ असतं. तरीही संशोधनाच्या बैठकीला त्याला कुणी बोलावत नाही, कारण त्याच्या नावावर शोधनिबंध नसतात. त्याला बोलावा, आणि सहसंयोजक करा.

मग प्रिसेप्टर, म्हणजे दुकानात किंवा रुग्णालयात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम शिकवणारे फार्मासिस्ट. त्यांना फक्त माहिती पुरवणारे म्हणून ठेवलंत तर गट महाविद्यालयाच्या भिंतीपलीकडे जाणार नाही. त्यांच्या वेळेला बैठक ठेवायची, म्हणजे दुकान बंद झाल्यावर किंवा गर्दी नसते तेव्हा, आणि ठरलेल्या वेळेला संपवायची. ज्या अभ्यासात त्यांनी विचार दिला त्यात लेखक म्हणून त्यांचं नाव घालायचं. आपण जिथे तासभर मॉडेलवर वाद घालतो तिथे एखादा प्रिसेप्टर सहज म्हणून जातो, “मॅडम, हा फॉर्म भरायला काउंटर सोडून आत जावं लागतं, म्हणून कुणी भरत नाही.” असं एक वाक्य कुठल्याही चौकटीपेक्षा लवकर काम पुढे नेतं.

तिसरा घटक बाहेरचे मार्गदर्शक. या क्षेत्रातली बरीच अनुभवी माणसं मानसशास्त्र, समाजकार्य, मानसिक आरोग्य सेवा इथून आलेली आहेत. वर ज्यांचं नाव घेतलं ते करन स्वतः अर्कान्सासच्या वैद्यकीय विद्यापीठात फार्मसी प्रॅक्टिस आणि मनोविकारशास्त्र अशा दोन्ही विभागांत आहेत. परिणामकारकता आणि अंमलबजावणी एकाच अभ्यासात तपासणाऱ्या हायब्रिड रचना त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१२ मध्ये मांडल्या. फार्मसीवाल्यांना हा पूल फार सोयीचा आहे. आपल्याला चाचण्या येतात, म्हणून या रचनांच्या तीन प्रकारांपैकी पहिल्यापासून सुरुवात करायची: मुख्य भर सेवा चालते का यावर, आणि सोबत ती कशी राबवली गेली याची पद्धतशीर नोंद. निधी देणाऱ्यालाही हे पटवता येतं. पुढे दोन्ही प्रश्नांना सारखं वजन, आणि शेवटी मुख्य भर राबवण्याच्या उपायांवर.

मार्गदर्शक-शिष्य जोड्या लावणं मी फार गंभीरपणे घेते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात या विषयाची जी प्रशिक्षण संस्था चालली, तिच्या सदस्यांचं जाळं अभ्यासून २०१६ मध्ये एक निबंध आला. ज्यांच्यात मार्गदर्शनाचं नातं जुळलं, त्यांच्यात पुढे प्रत्यक्ष संशोधन सहकार्य होण्याची शक्यता वाढलेली दिसली. म्हणजे व्याख्यानमालेवर खर्च होणारी ताकद जोड्या लावण्यावर घातलेली बरी. जोडी लावताना एक पथ्य: शिष्याकडे हातात काहीतरी कच्चं लिखाण असावं. “मला शिकायचंय” म्हणणाऱ्याला मार्गदर्शक काय देणार?

फ्रेमवर्कच्या बाबतीत फार वेळ घालवू नका. या क्षेत्रात ती ढिगाने आहेत आणि नवशिक्याचा उत्साह तिथेच गळतो. गटाने दोन-तीन ठरवून घ्यावीत आणि वाद मिटवावा. कुठे काय अडतंय ते पाहायला सीएफआयआर (कन्सॉलिडेटेड फ्रेमवर्क फॉर इम्प्लिमेंटेशन रिसर्च), म्हणजे २००९ चं आणि २०२२ मध्ये सुधारलेलं फ्रेमवर्क. काय मोजायचं यासाठी प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दिलेले ८ निष्पत्ती-निकष, ज्यात स्वीकारार्हता, व्यवहार्यता, मूळ स्वरूपाशी इमान, खर्च, टिकाऊपणा वगैरे येतात. फार्मसी सेवांचे टप्पे पाहायचे असतील तर मौलिन आणि सहकाऱ्यांचं २०१६ चं फ्रेमवर्क खास आपल्याच क्षेत्रासाठी आहे. २०१५ मध्ये संकलित झालेली ७३ अंमलबजावणी उपायांची यादी मात्र पहिल्याच दिवशी कुणाच्या हातात देऊ नका, माणूस घाबरतो.

मोजमाप सगळ्यांनी एकच वापरणं, हा गटाचा खरा फायदा. प्रत्येक महाविद्यालयात नमुना लहान असतो. पाच ठिकाणी पाच प्रश्नावल्या वापरल्या तर पाच लहान निबंध होतात आणि कुणी वाचत नाही. वाइनर आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या स्वीकारार्हता, योग्यता आणि व्यवहार्यता या तीन मोजपट्ट्यांत प्रत्येकी फक्त ४ प्रश्न आहेत. त्या सगळ्यांनी वापरल्या तर तुलना शक्य होते. फार्मासिस्ट ज्या भाषेत काम करतात तिच्यात त्या नीट रूपांतरित करून तपासणं हेच गटाचं पहिलं सामायिक काम होऊ शकतं. ते छोटं आहे, संपतं, आणि त्यातून सगळ्यांच्या नावाने काहीतरी छापून येतं.

वाचनासाठी काय घ्यावं असंही तुम्ही विचारलंय. मी नेहमी इंग्लंडमधल्या दोन सेवांची जोडी घेते. २००५ मध्ये तिथे औषध दुकानांना रुग्णाच्या औषधांचा आढावा घेण्यासाठी प्रत्येक आढाव्यामागे मोबदला सुरू झाला, नंतर बराच काळ एका दुकानाला वर्षाला ४०० ची मर्यादा होती. पुढे टीका अशी झाली की दुकानं आकडा गाठण्यामागे लागली आणि खरी गरज असलेला रुग्ण बाजूला राहिला. २०२१ मध्ये ती सेवा बंद झाली. दुसरी २०११ मध्ये आली. दीर्घ आजाराचं औषध नव्याने सुरू झालेल्या रुग्णाशी फार्मासिस्ट पहिल्या काही आठवड्यांत ठरलेल्या टप्प्यांवर बोलतो. रुग्णांना सोडतीने गटांत वाटून तिची यादृच्छिक चाचणी झाली, औषध नियमित घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि ती चालू राहिली. दुकानं त्याच व्यवस्थेतली, मोबदला दोन्हीकडे, मग फरक कशाने पडला? रुग्ण कसा निवडला, वेळ कुठली होती, मोबदला कशाशी बांधला होता, मूल्यमापन कधी झालं, यावर दोन तास चर्चा होते. सिद्धान्त त्यात आपोआप येतो. शिवाय एखादी सेवा विचारपूर्वक बंद करणं हाही याच विषयाचा भाग आहे, हे नव्या लोकांना तिथेच कळतं.

आता कमी बोललं जाणारं दुखणं: बढती. तुमच्या महाविद्यालयातल्या निवड समितीला हे क्षेत्र ओळखीचं नसेल तर तरुण शिक्षकाचं काम ‘गुणवत्ता सुधारणा’ किंवा ‘सर्वेक्षण’ म्हणून बाजूला पडतं. गट इथे सर्वांत जास्त उपयोगी पडतो. बाहेरून अभिप्राय देऊ शकतील अशा ज्येष्ठांची नावं तयार ठेवा. समितीला देता येईल असं एक पानी टिपण सगळ्यांनी मिळून लिहा: हे क्षेत्र काय, चांगलं काम कशावरून ओळखायचं, कुठली नियतकालिकं गंभीर मानली जातात. प्राचार्यांकडे पैसे मागण्याआधी तास मागा. संयोजकाचा एक विषय एका सत्रासाठी कमी झाला तर त्याची किंमत छोट्या अनुदानापेक्षा जास्त असते.

विद्यार्थ्यांबद्दल एवढंच म्हणेन की त्यांच्यासाठी वेगळा विषय काढायच्या भानगडीत लगेच पडू नका. चालू प्रशिक्षणातच एक काम द्या: तुम्ही जिथे आहात तिथली एखादी सेवा कागदावर कशी आहे आणि प्रत्यक्षात कशी चालते, यातला फरक लिहा.

नवी संघटना काढावी का? मी म्हणेन, इतक्यात नको. घटना, वर्गणी, पदाधिकारी यातच दोन वर्षं जातात. फार्मसी शिक्षकांची जी संघटना आधीपासून आहे तिच्यात छोटा विभाग मागा. उदाहरणार्थ, अमेरिकेतली फार्मसी महाविद्यालयांची संघटना १९०० पासूनची आहे आणि तिच्यात विषयवार विभाग आणि विशेष गट चालतात. आधीच्या छत्राखाली वार्षिक परिषदेत एक सत्र मिळालं तरी माणसं भेटतात. संयोजक मात्र दोन ठेवा आणि दोघांची मुदत एकाच वेळी संपू देऊ नका. बहुतेक गट मतभेदाने मरत नाहीत, संयोजक रजेवर गेला की मरतात. आणि तुमच्याशिवाय दोन वेगळ्या महाविद्यालयांतल्या लोकांनी परस्पर एखादा प्रस्ताव लिहिला आणि तुम्हाला नंतर कळलं, तर रुसू नका, गट रुजला म्हणून समजा.

पहिल्या बैठकीसाठी पाच-सहा माणसं पुरतात. प्रत्येकाला एक पान आणायला सांगा: आमच्याकडे सुरू होऊन बंद पडलेली एक सेवा, ती कुणी सुरू केली, रोज कोण करायचं, आणि कुठल्या महिन्यात कुठली व्यक्ती किंवा कुठला निधी गेल्यावर ती थांबली. सादरीकरण नको, नुसतं वाचायचं. पुढच्या बैठकीचा विषय त्या पानांपैकी एक असेल आणि तो ज्याच्या पानावरून आला तोच ती चालवेल.