आधी वजन थोपवा, उतरवण्याचे नंतर पाहू

प्रश्न : गेले नऊ महिने माझी आई अंथरुणाला खिळून आहे आणि नोकरी सांभाळून तिचे सारे मीच पाहते. या काळात माझे वजन सात किलोंनी वाढले. पूर्वी आठवड्यातून पाच दिवस जिमला जात असे, तेही सुटले. दोनदा नव्याने सुरुवात केली, पण आठवडाभरातच खंड पडला. दिवसभर जेवणाची शुद्ध नसते. रात्री आई झोपल्यावर मात्र सारखे काहीतरी खावेसे वाटते. माझी इच्छाशक्तीच कमी पडते आहे का? मी काय करावे? (वय 43)

उत्तर : नाही, इच्छाशक्तीचा हा प्रश्न नाही. नऊ महिने नोकरी आणि आजारपण एकटीने निभावणाऱ्या व्यक्तीकडे ती कमी असेल, असे मला वाटत नाही. तुमच्या शरीरात काय चालले आहे ते समजून घेतलेत, तर स्वतःला दोष देणे थोडे कमी होईल, आणि ते व्हायला हवे; कारण अपराधीपणाची भावना हीदेखील रात्री फ्रिजचे दार उघडायला लावते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवते. तात्पुरत्या संकटात ते उपकारकच असते. ताण महिनोन्‌महिने टिकला की मात्र त्याचा नेहमीचा चढउतार बिघडू शकतो, गोड आणि तेलकट पदार्थांची ओढ वाढते आणि चरबी पोटाभोवती साचण्याकडे कल होतो. पण सगळे खापर एकट्या कॉर्टिसॉलवर फोडू नका, आणि ते 'कमी करणाऱ्या' गोळ्या-पावडरींवर पैसेही घालवू नका. वजन प्रत्यक्षात वाढते ते तुटलेली झोप, कमी झालेली हालचाल आणि अवेळी खाणे या तिन्हींमुळे, आणि त्यांत मी झोपेला पहिले स्थान देतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले आणि भूक वाढवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले. तुमची झोप तर नऊ महिने मोडते आहे.

म्हणून पहिला सल्ला कदाचित अनपेक्षित वाटेल : सध्या वजन कमी करण्याचे उद्दिष्ट बाजूला ठेवा आणि आहे तिथेच ते थोपवून धरा. पुढचे तीन महिने काटा वर सरकला नाही, तर या परिस्थितीत ते पूर्ण यश समजावे. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी उठल्यावर पाहा. शरीरातल्या पाण्यामुळे ते एक-दोन किलोंनी सहज वरखाली होते, त्यामुळे रोज काटा पाहणे म्हणजे रोज नवी धास्ती ओढवून घेणे.

रात्रीच्या खाण्याचे मूळ दुपारी आहे. अकरा वाजता घर शांत होते, तुम्ही स्वयंपाकघरात दिवा न लावता फ्रिजच्या उजेडात उभ्या राहून डब्यातले काहीतरी तोंडात टाकता आणि आपण किती खाल्ले हे आठवतही नाही. तुमच्या पत्रावरून मला असे चित्र दिसते. ती भूक खोटी नाही, दिवसभर नाकारलेली भूक आहे. दुपारचे जेवण, त्यात पुरेशी प्रथिने असतील असे, काहीही झाले तरी चुकवू नका. आणि रात्री खायचेच असेल तर जरूर खा, पण ताटलीत वाढून, बसून आणि दिवा लावून. एवढ्यानेही खूप फरक पडतो.

आता व्यायाम. दोन्ही वेळा खंड पडला, कारण तुम्ही जुन्याच वेळापत्रकावर परतायला निघालात, आणि ते वेळापत्रक जुन्या आयुष्याचे होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. पूर्वी तो सलग किमान दहा मिनिटे असावा अशी अट होती. 2020च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती काढून टाकण्यात आली. म्हणजे फोनवर बोलताना घातलेल्या फेऱ्या आणि जिन्याचे दोन मजलेही हिशेबात धरता येतात. वेग असा असावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना काम द्या, कारण चाळिशीत ते वापराविना लवकर झिजतात. आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा आणि सावकाश बसा. भिंतीला हात टेकून दहा वेळा जोर काढा. थोडे थांबून हे पुन्हा करा. रुग्णाला उचलून बसवण्यासाठी लागणारी पाठीची आणि मांड्यांची ताकदही यातूनच येते. फार वाईट दिवस असेल तर पाच मिनिटेच करा, पण करा.

मात्र व्यायामाने वजन झरझर उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. 70 किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास भरभर चालली तर सुमारे 150 कॅलरी खर्च होतात आणि चार-पाच बिस्किटांत त्या भरून निघतात. आत्ता व्यायाम करायचा तो झोप लागावी, मन थोडे हलके व्हावे आणि रक्तातली साखर आटोक्यात राहावी म्हणून.

थायरॉइड आणि रक्तशर्करा एकदा तपासून घ्या. स्टेरॉइड किंवा नैराश्यावरची काही औषधे चालू असतील, तर त्यांनीही वजन वाढते. मनाने ती बंद न करता डॉक्टरांशी बोला. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, तर तेही त्यांना सांगा. शिवाय नात्यातल्या कोणाला तरी 'मदत करा' असे मोघम न म्हणता, 'मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी एक तास आईजवळ बसाल का?' असे नेमके विचारा. तो तास चालण्यासाठी वापरा किंवा झोपून काढा. आधीची रात्र जागून गेली असेल, तर मी झोपच घ्या म्हणेन.

प्रश्न : नोकरीतील ताणामुळे रात्री दहानंतर मी तासभर जोरात धावतो. तरीही वजन वाढतेच आहे आणि झोप लागत नाही. व्यायाम आणखी वाढवू का? (वय 36)

उत्तर : वाढवू नका, त्याची वेळ बदला. झोपण्याच्या अगदी आधी केलेल्या जोरदार व्यायामाने हृदयाचे ठोके आणि शरीराचे तापमान चढलेले राहते, आणि अनेकांची झोप त्यामुळे लांबते. धावणे सकाळी किंवा संध्याकाळी लवकर करा; ते न जमल्यास रात्री वीस मिनिटे सावकाश चाला. धावून आल्यावर 'आज कमावले आहे' म्हणून जास्तीचे काही खाल्ले जाते का, हे आठवडाभर वहीत लिहून पाहा, आणि दुपारनंतरची कॉफी बंद करा.