वाचकांचे प्रश्न : अनुभव नसला तर काही अडतं का?

प्रश्न : वय ३१. साखरपुडा झालाय, लग्न वैशाखात. मला शारीरिक संबंधांचा काहीच अनुभव नाही. होणाऱ्या बायकोचं पूर्वी चार वर्षं एकाशी नातं होतं. बोलणी पक्की होण्याआधी तिनं ते स्वतःहून सांगितलं. मला राग नाही, पण ती मनात तुलना करील आणि मी कमी पडेन, या धास्तीनं झोप उडालीय. मित्र म्हणतात, लग्नाआधी कुठेतरी जाऊन ये, नाहीतर गोळी जवळ ठेव. काय करावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मित्रांचे दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. पैसे मोजून, घाईघाईत, अनोळखी व्यक्तीबरोबर जे होतं त्यात समोरच्याला काय हवंय हे विचारायची वेळच येत नाही. सवय लागली तर ती लवकर उरकण्याची लागेल. वर संसर्गाचा धोका आहेच. गोळीचं म्हणाल, तर सिल्डेनाफिल लिंगातला रक्तप्रवाह वाढवते, मनातली भीती घालवत नाही. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब तिच्यामुळे जिवावर बेतेल इतका उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांना न विचारता ती घेऊच नये. पहाटे जाग येते तेव्हा लिंगाला नीट ताठरता येत असेल, तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा व्यवस्थित आहेत.

अनुभवाचा फायदा होत नाही असं नाही. अनुभवी माणूस थोडा कमी घाबरतो, कंडोम लावताना धडपडत नाही, नको ते नको म्हणायला कचरत नाही. पण हे सगळं काही आठवड्यांत कुणीही शिकतं. जे शिकायला खरोखर वेळ लागतो ते म्हणजे या एका माणसाला कुठे, किती, कसा स्पर्श आवडतो. ते आधीच्या कुठल्याही नात्यातून मिळत नाही. तुमच्या बाबतीत तीही नवखीच आहे. ‘मला सगळं येतं’ म्हणून न विचारणारा जोडीदार विचारत विचारत शिकणाऱ्यापेक्षा मागे राहतो.

आता प्रत्यक्षातलं. लग्नाच्या दिवशी दोघंही पहाटेपासून उभे असता. त्या रात्री झोपा. बऱ्याच घरांत सत्यनारायण होईपर्यंत थांबायची रीत आहेच, ते दिवस गप्पांना आणि जवळीक वाढवायला वापरा. पुढे १९७० साली मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी मांडलेली पद्धत वापरून बघा, सेक्स थेरपीत ती आजही शिकवतात. पहिले दोन-तीन दिवस आज संभोग करायचा नाही असं आधीच ठरवायचं. आळीपाळीनं १५-२० मिनिटं एकानं दुसऱ्याची पाठ, मान, हात, पाय यांना स्पर्श करायचा. स्तन आणि जननेंद्रियं वगळायची. स्पर्श घेणाऱ्यानं फक्त सांगायचं : इथे बरं वाटतंय, इथे गुदगुल्या होतात, जरा हळू. पुढच्या वेळी वगळलेले भाग घ्यायचे, संभोग तरीही नाही. यानं फरक पडतो, कारण घाबरल्यावर शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि ताठरता जाते. आज काही सिद्ध करायचं नाही हे ठरलेलं असलं की हे चक्र सुरूच होत नाही.

बहुतेक स्त्रियांना नुसत्या संभोगानं परमसुख मिळत नाही. योनिद्वाराच्या वर, दोन्ही आतले ओठ जिथे एकत्र येतात, तिथे क्लिटोरिस हा वाटाण्याएवढा दिसणारा, अतिशय संवेदनशील भाग असतो. तिथला स्पर्श हलका आणि एका लयीत हवा. कोरड्या बोटांनी तो टोचतो. ओलसरपणा यायलाही वेळ द्यावा लागतो. तो आला की तिला हातानं दिशा दाखवू द्या. योनिमार्ग सरळ वर जात नाही, पाठीच्या, माकडहाडाच्या दिशेनं तिरका जातो. नवखे पुरुष अंदाजानं ढकलतात तेव्हा नेमकं इथेच चुकतं, तिला दुखतं आणि मग दोघंही घाबरतात. दुखलं की थांबा. अर्धा चमचा पाण्यावर आधारित जेल लावा, किंवा तो दिवस सोडून द्या. दर वेळी आत भिंत असल्यासारखं बंद होत असेल तर तो व्हजायनिस्मस असू शकतो. स्नायू आपोआप आवळले जातात, ती मुद्दाम करत नसते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे दोघं मिळून जा, उपचारांनी तो बरा होतो.

सुरुवातीला वीर्यपतन लवकर होतं, त्याला लगेच शीघ्रपतन म्हणू नका. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच देशांतल्या ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून वेळ मोजली होती. मध्यक निघाला ५.४ मिनिटं, म्हणजे निम्म्यांचा वेळ त्याहून कमी होता. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून अर्ध्या तासाची अपेक्षा धरू नका.

आणि तुलनेबद्दल. तिनं सांगितलं ते तुमच्यावर विश्वास टाकून. ‘तो कसा होता’ हा प्रश्न एकदा विचारलात की त्याला अंत नसतो, कुठल्याच उत्तरानं समाधान होत नाही. त्याऐवजी ‘तुला काय आवडतं, काय नको असतं’ हे विचारा. त्याचं उत्तर तुमच्या उपयोगाचं आहे.

प्रश्न : माझा कुणाशीही संबंध नव्हता. पहिल्या रात्री रक्त आलं नाही म्हणून नवरा संशय घेतो. सासूबाईंनाही त्यानं सांगितलंय. (वय २५, कोल्हापूर)

उत्तर : हे पत्र त्यांना वाचून दाखवा. योनिपटल हा योनिद्वाराशी असलेला पातळ, लवचीक पडदा असतो आणि बहुतेक वेळा त्याला आधीपासूनच उघडी जागा असते. तो ताणला जातो, दर वेळी फाटतोच असं नाही. अनेकींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही, आणि आलं तर ते पुष्कळदा कोरडेपणामुळे झालेल्या जखमेचं असतं. कौमार्य ओळखणारी कुठलीही वैद्यकीय तपासणी अस्तित्वात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली हे जाहीरपणे सांगितलं आणि अशा चाचण्या बंद करा असं आवाहन केलं. कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी पुण्यात नववधूचं कौमार्य तपासण्याच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला, तो ह्याच कारणासाठी. तुम्ही काहीही सिद्ध करायला बांधील नाही. संशयाबरोबर मारहाण, कोंडून ठेवणं किंवा माहेरी धाडायची धमकी असेल, तर तो कौटुंबिक हिंसाचार आहे. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न : मी ३४, घटस्फोटित. दुसरं लग्न ठरतंय. मधल्या काळात एक नातं होतं. किती सांगायला हवं? (ठाणे)

उत्तर : तपशील सांगणं तुमच्या मर्जीवर. आरोग्याचं मात्र दोघांनीही सांगायचं, दोघांनीही तपासायचं. फक्त तुम्हीच तपासणी करावी असं तिकडून येत असेल तर नाही म्हणा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, एवढ्या रक्तचाचण्या पुरेत. जिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि अहवाल गोपनीय राहतो. शेवटच्या संबंधानंतर तीन महिने उलटले असतील तर निष्कर्ष पक्का धरता येतो. त्याआधीची निगेटिव्ह चाचणी पुन्हा करावी. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर ० दिवस, १ महिना आणि ६ महिने अशा तीन मात्रा पूर्ण करा.

प्रश्न : कंडोम दोनदा फाटला. आम्ही खोबरेल तेल वापरतो. (रत्नागिरी)

उत्तर : कारण तेच आहे. तेलानं आणि व्हॅसलिननंही लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित जेल वापरा. लावताना टोक चिमटीत दाबून हवा काढा आणि बुडापर्यंत उलगडा. पाकीट दातांनी फोडू नका, खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नका, मुदतीची तारीख बघा. पुन्हा फाटलाच आणि गर्भधारणा नको असेल, तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. पाळी आठवडाभर लांबली तर घरी चाचणी करा.