काकूंनी 'हिंट' दिली, मराठीत काय दिलं?

प्रश्न : आमच्या शेजारच्या काकू सरळ काही बोलतच नाहीत. परवा मुलाने सायकल त्यांच्या दारापुढे लावली तर मला म्हणतात, "काय गं, आपल्या बिल्डिंगचं पार्किंग आता वर आणलं वाटतं." नवऱ्याला सांगताना माझ्या तोंडात "काकूंनी हिंट दिली" असंच आलं. मराठीत याला काय म्हणायचं, सूचित केलं की सूतोवाच केलं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : सूतोवाच तर नाहीच हो ताई. पुराणात सूत कथा सांगायला बसतात तिथे 'सूत उवाच' असतं ना, त्यावरून आलेला शब्द, म्हणजे विषयाला तोंड फोडणं. मंत्री नव्या योजनेचं सूतोवाच करतात, काकू सायकलीचं कशाला करतील! 'सूचित केलं' चुकीचं नाही पण ते सरकारी पत्रातलं वाटतं, घरात आपण 'सुचवलं' म्हणतो. पण काकूंचं वाक्य टोचतंय, मग तो सरळ टोमणा. हसत हसत मारला असेल तर कोपरखळी, आणि जोडा भारी शालीत गुंडाळून मारावा तसा गोड शब्दांत असेल तर शालजोडीतला. हेच त्या तुम्हाला न बोलता तुमच्यादेखत स्वतःच्या नातवाला म्हणाल्या असत्या, "सायकल लोकांच्या दारात नको हं लावू", तर मग लेकी बोले सुने लागे.

संस्कृतवाल्यांनी तर यावर भयंकर डोकं चालवलंय. काश्मीरच्या आनंदवर्धनाने ९व्या शतकात 'ध्वन्यालोक' लिहिला, त्यात न बोलता कळणाऱ्या अर्थाला ध्वनी म्हटलंय, आपलं 'ध्वनित होतं' त्याच नात्यातलं. त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'गंगायां घोषः', गंगेवर गवळीवाडा. आता पाण्यावर वाडा कसा असेल, म्हणून 'काठावर' असं समजायचं ही लक्षणा, आणि त्यातून तिथला गारवा, पावित्र्य मनात येतं ती व्यंजना. तुम्ही पंचवटीच्या, तुम्हाला हे काय वेगळं शिकवायचं, आपण गोदावरीला गंगाच म्हणतो आणि "बुधवारी गंगेवरून भाजी आणली" म्हटलं तर कुणी विचारत नाही की पाण्यात उभं राहून घेतली का म्हणून.

तर काकूंच्या नावावर टोमणाच टाका, आणि सायकल तेवढी हलवा.