शुगर आहे, पण मध चालेल ना?

उन्हाळा लागला की महाबळेश्वरहून साताऱ्याकडे उतरणाऱ्या गाड्यांमध्ये तीन गोष्टी हमखास असतात: स्ट्रॉबेरी, चणे आणि मध. चणे वाटेतच संपतात, स्ट्रॉबेरी दोन दिवसांत. मधाची बाटली तेवढी फडताळात जाऊन बसते आणि मग मला पत्रं येऊ लागतात. यंदा आलेल्यांपैकी ही काही.

भाऊ दरवर्षी जांभळाचा मध आणून देतो. जांभूळ मधुमेहावर चांगलं, मग त्याचा मध म्हणजे औषधच, असं विकणारा म्हणाला. मला सहा वर्षांपासून शुगर आहे. रोज एक चमचा घेऊ का? (निवृत्त शिक्षिका, वाई)

बाई, विकणाऱ्याने गाठ भलत्याच दोऱ्यांना मारली आहे. लोक मधुमेहात वापरतात ती जांभळाच्या बियांची पूड, आणि तीही गोळ्यांच्या जागी घ्यायची नसतेच. मधमाशी बीकडे फिरकतही नाही. ती फुलातला मकरंद नेते, म्हणजे मुळात साखरेचं पाणीच. पोळ्यात नेऊन ती त्यातली साखर फोडते, पंखांनी वारा घालून पाणी उडवते आणि उरतो तो मध. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ८० ग्रॅम साखर, १७-१८ ग्रॅम पाणी, बाकी सगळं मिळून एखाद-दोन ग्रॅम. जांभळाच्या मधाचा काळपट रंग आणि मागून येणारा कडवटपणा त्या एखाद-दोन ग्रॅमांतला. चव झाडाप्रमाणे बदलते, साखरेचा हिशोब फारसा बदलत नाही.

आता चमच्याचं. मी घरच्या काट्यावर मोजून बघितलं. चहाचा चमचा सपाट भरला तर साखर ४ ग्रॅमच्या आसपास बसते. त्याच चमच्यात मध ७ ग्रॅम, कारण तो जड. शिवाय मधाचा चमचा सपाट कोणी भरत नाही. वर फुगवटा येतो, खाली तार लोंबत असते आणि ती तोडायला बोट लावून आपण तेही चाटतो. ७ ग्रॅम मधात कर्बोदकं जवळपास ६ ग्रॅम. म्हणजे चमच्याला चमचा लावला तर मधातूनच जास्त साखर जाते. मध जास्त गोड लागतो म्हणून कमी पुरतो, हे खरं. पण कमी घेतला तरच.

महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. पेटीतल्या सातेरी माशीचा मध मला स्वतःला फार आवडतो, तेव्हा त्या मधपाळांच्या पोटावर पाय द्यायचा माझा विचार नाही. तुमचे रिपोर्ट आटोक्यात असतील तर कधीतरी अर्धा चमचा, जेवणाबरोबर, त्या दिवशीचं दुसरं गोड वजा करून खा. दोन तासांनी मशीनवर एकदा बघा. औषध म्हणून रोज मात्र नको.

तीन महिने सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि दोन चमचे मध घेतोय. वजन दीड किलो उतरलं, पण एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ७.४ वरून ७.९ वर गेलं. लॅबची चूक असेल का? (कोरेगाव)

लॅबला बोल लावू नका. इराणमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४८ रुग्णांवर आठ आठवड्यांची एक लहानशी चाचणी झाली होती, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मध घेणाऱ्यांचं वजन उतरलं आणि एचबीए१सी वाढलं. अगदी तुमच्यासारखंच. त्यांचा मध तुमच्यापेक्षा बराच जास्त होता, त्यामुळे सगळा दोष तुमच्या पेल्यावर ढकलता येणार नाही. गोळ्या चुकणं, झोप, जेवणाच्या वेळा हेही बघा. पण चमचा कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. चहाचा असेल तर दोन चमच्यांतून १२ ग्रॅम साखर. पोह्यांचा असेल तर दुपटीच्याही पुढे. तीही रिकाम्या पोटी, पाण्यात विरघळलेली. वाटेत तिला अडवायला ना भाकरी ना भाजी.

लिंबू-पाणी चालू ठेवा, मध काढा. आणि हा पेला पिऊन 'उपाशीपोटी'ची शुगर द्यायला जाणारेही मला भेटलेत. साधं पाणी चालतं. मध चालत नाही, दोन थेंबही.

मधाचा जीआय (खाल्ल्यावर शुगर किती झपाट्याने चढते तो आकडा) साखरेपेक्षा कमी असतो ना? आणि मधाने शुगर उतरते असं संशोधनही वाचलं. गुळाचं काय? (कराड)

कमी असतो, पण किती? ग्लुकोजला १०० धरलं तर साखर ६५ च्या आसपास, मध सरासरी ६० च्या आसपास, आणि मधामधाप्रमाणे आकडा वरखाली होतो. या पाच अंकांवर चहात दोन चमचे सोडायचे नसतात. मधात फ्रुक्टोज जास्त म्हणून आकडा खाली येतो; ते फ्रुक्टोज यकृतात जातं, आणि तिथे जास्त झालं तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात.

तुम्ही वाचलेलं संशोधन बहुधा २०२२ मधलं टोरंटो विद्यापीठाचं असावं. १८ चाचण्या एकत्र करून त्यांनी पाहिलं आणि फास्टिंग शुगर थोडी उतरलेली दिसली. पण त्यातले बहुतेक लोक मधुमेही नव्हतेच. खुद्द संशोधकांचं म्हणणं असं, की साखर टाळत असाल तर मध सुरू करू नका. साखर खातच असाल तर तिच्या जागी मध घ्या. बातमीत पहिलं वाक्य येत नाही.

गुळाचंही विचारलंत. तोही साखरच, फक्त आपल्या शेतातली म्हणून माया जास्त.

घरी मध बाटल्यांत भरत होते. जरा गरगरलं म्हणून मशीनवर शुगर बघितली तर ३८६! घाबरून दवाखान्यात गेलो, तिथे १४८. मशीन बिघडलंय का? (तासगाव)

मशीनने बरोबर मोजलं, तुमच्या बोटावरचा मध. स्ट्रिपला लागणारा रक्ताचा थेंब इतका बारीक असतो, की बोटावर राहिलेला मधाचा चिकट अंशही आकडा आकाशाला नेतो. तुमच्या भागात द्राक्षं खुडताना किंवा बेदाणा निवडतानाही हेच होतं. नुसता ओला रुमाल किंवा सॅनिटायझरचा बोळा पुरत नाही. नळाखाली साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, मग टोचा. नशीब, तुम्ही त्या आकड्यावर भरवसा ठेवून इन्सुलिन टोचलं नाहीत.

वडील ७४ वर्षांचे, गोळ्या चालू आहेत. एका रात्री दरदरून घाम, हात थरथरत होते, शुगर ५८. आईने मध चाटवला. बरोबर केलं का? (पाटण)

आईंनी बरोबर केलं. मधुमेहात मधाची खरी जागा कुठली असेल तर ही.

शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, त्याला गिळता येत असेल, तर पटकन चढणारी १५ ग्रॅम साखर द्यायची. ग्लुकोज पावडर सगळ्यांत उत्तम, तीन-चार चमचे पाण्यातून. नसेल तर चहाचे तीन चमचे मध. पंधरा मिनिटांनी परत मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली की अर्धी भाकरी किंवा पोळी खायला द्या, नाहीतर तासाभरात पुन्हा घसरते. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातली स्निग्धता साखरेला वाटेतच रेंगाळत ठेवते.

त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोस किंवा अ‍ॅकार्बोस लिहिलंय का, ते आजच बघा. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, त्यात हे पुष्कळदा असतं. ही औषधं आतड्यात साखर फोडण्याचं काम मंदावतात, म्हणून अशा माणसाला साखरपाणी दिलं तर ते लवकर लागू पडत नाही. मधातली साखर माशीने आधीच फोडून ठेवलेली असते, त्यामुळे इथे मध साखरेपेक्षा सरस. तरी त्यात नुसतं ग्लुकोज तिसरा हिस्साच. म्हणून अशा घरात ग्लुकोजचा डबा उशाशी हवा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात मध, पाणी, काहीही घालू नका, ते श्वासनळीत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि त्या रात्री वडील जेवले होते का? न जेवता गोळी घेतली असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. या वयात डोस कमी करावा लागू शकतो.

बाटलीत खाली साखर जमली, म्हणजे भेसळ? काडी मधात बुडवून पेटवून बघितली तर पेटली. (सातारा)

जमणं मधाचा स्वभाव आहे, ग्लुकोजचे दाणे होतात. काडी पेटणं, पाण्यात तळाला जाणं, कुत्रं तोंड न लावणं, या परीक्षांतून कळत काही नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दाखवलं, की नेहमीच्या सरकारी चाचण्यांनाही चकवणारे साखरेचे पाक मधात मिसळले जातात. तिथे काडेपेटीचा काय पाड! तुमच्यापुरतं एवढंच, की शुद्ध असो वा भेसळीचा, शुगर दोन्हीने वाढते.

मला मध बंद झाला. घरात चांगला मध पडून आहे, सात महिन्यांच्या नातवाला चाटवू का? (मेढा)

नको आजी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावून नाही आणि गुटीतूनही नाही. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. उकळून किंवा गाळून ते जात नाहीत. बरणीचं झाकण घट्ट लावा आणि पाण्याचा हात लावू नका. मध टिकतो, पहिल्या वाढदिवसानंतरही तसाच असेल.